गांज्याचा परवाना, गांज्याची जाहिरात आणि आपला जिल्हा

पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. पण शेतकरी असाल, घरात कॉलेजला जाणारं लेकरू असेल किंवा आमच्यासारखं छोटं पेज, पोर्टल चालवत असाल, तर शेवटपर्यंत वाचाच.

गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे एका जाहिरात एजन्सीचा फोन. "सर, तुमच्या पेजला लोकल रीच चांगला आहे. आयुर्वेदिक प्रॉडक्ट आहे, 'विजया'च्या पानांचा अर्क, गोळ्या आणि गमीज. झोप, टेन्शन, शुगर, बीपी, सगळ्यावर चालतं. सरकारमान्य आहे." दर ऐकला आणि खरं सांगतो, दोन मिनिटं गप्पच बसलो. तालुक्याच्या ठिकाणी पत्रकारिता करणाऱ्याला जाहिरात म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. दिवाळीच्या शुभेच्छांच्या जाहिरातींचे पैसे होळीपर्यंत वसूल करत फिरणारी आमची जमात.

दुसरी गोष्ट लोहारा तालुक्यातल्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची. वयानं मोठे, मी त्यांना मामा म्हणतो. त्यांनी मोबाईल पुढं केला. यूट्यूबवर कुणीतरी सांगत होता की हेम्पची शेती करा, एकरी लाखांत कमवा, सरकारनं परवानगी दिलीय. मामा म्हणाले, "सोयाबीनला भाव न्हाई. हे लावू का? सरकारनंच परवानगी दिलीय म्हणतंय की."

दोघांच्या तोंडी एकच वाक्य होतं, सरकारची परवानगी आहे. म्हणून म्हटलं, या परवानगीचा इतिहासच बघू. जुने कायदे, अहवाल, निकाल काढून बसलो. त्यातलं जे सापडलं ते तुमच्यापुढं मांडतोय.

आधी एक गोंधळ मिटवू. झाड एकच, माल तीन. पानं म्हणजे भांग. मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. झाडाचा चीक, राळ म्हणजे चरस. आयुर्वेदात भांगेला 'विजया' म्हणतात. कायद्याचा निम्मा इतिहास या तीन शब्दांच्या फरकावर उभा आहे, एवढं ध्यानात ठेवा.

■ १८९३ : लंडनमध्ये प्रश्न, हिंदुस्थानात आयोग

इंग्रजांच्या काळात गांजा, भांग उघड विकली जायची, पण परवान्यानं. दारूसारखंच ते आबकारी खात्याचं उत्पन्न होतं. मुंबई इलाख्यात १८७८ च्या आबकारी कायद्यात दारूबरोबर गांजा-भांगही होती. इलाख्यातल्या गांज्याच्या लागवडीत आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्याचं नाव पुढं होतं. मध्य प्रांतात खंडव्याचा गांजा प्रसिद्ध, बंगालात नौगावचा.

मार्च १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात केन नावाच्या खासदारानं प्रश्न विचारला. केन हे दारूबंदीचे कार्यकर्ते. त्यांचं म्हणणं, गांज्यानं हिंदुस्थानातली माणसं वेडी होतायत, सरकार त्यावर कर खातंय, चौकशी करा. त्यातून त्याच वर्षी 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमलं गेलं. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सात सदस्य, त्यात तीन हिंदी. देशभर फिरून त्यांनी ११९३ साक्षी घेतल्या. डॉक्टर, अधिकारी, शेतकरी, दुकानदार, बैरागी, सगळे त्यात होते. १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल आला.

त्यातली एक गोष्ट मला पत्रकार म्हणून फार लागली. गांज्यानं वेड लागतं याचा पुरावा काय, तर वेड्यांच्या इस्पितळांची आकडेवारी. आयोगानं ती तपासली. १८९२ साली देशभरातल्या या इस्पितळांत १३४४ रुग्ण दाखल झाले होते आणि त्यातल्या २२२ जणांच्या नावापुढं कारण म्हणून गांजा-भांग लिहिलेलं होतं. आयोगानं एकेक प्रकरण पुन्हा उकरलं, नातेवाइकांकडं, गावात चौकशी केली. तेव्हा गांज्याशी खरोखर संबंध लावता येईल अशी प्रकरणं उरली ९८. त्यातही ३७ ठिकाणी इतर कारणं मिसळलेली होती.

मग बाकीची आली कुठून? तर फॉर्ममध्ये 'वेडाचं कारण' असा रकाना होता. माणूस पकडून आणणाऱ्या पोलिसाला तो रिकामा ठेवता येत नव्हता. कुणीतरी म्हणालं गांजा ओढायचा, लिहिलं गांजा. तोच कागद पुढं डॉक्टरकडं, मग वार्षिक अहवालात आणि तिथून थेट पार्लमेंटात. मंडळी, आम्हीही बातमीत "नशेच्या आहारी जाऊन" असं किती सहज लिहितो! घरच्यांना एक फोनही न करता. हा रकाना आजही भरला जातोय, फक्त तो भरणारे आम्हीच आहोत.

आयोगाचा निष्कर्ष असा, की माफक सेवनानं फारसं नुकसान दिसत नाही, अतिसेवनानं होतं. सरसकट बंदी नको, कारण लोक दुसऱ्या, जास्त वाईट नशेकडं वळतील आणि साधू-बैराग्यांत, धर्मकार्यात ज्याचा वापर आहे त्यात हात घालणं बरं नाही. पण मोकळीकही नको. लागवड परवान्यानं आणि ठराविक भागातच. दुकानं कमी. एका माणसाजवळ किती माल असावा याला मर्यादा. कर भरपूर, मात्र चोरटा धंदा वाढेल इतका नाही. दोन हिंदी सदस्यांनी या निष्कर्षांशी मतभेद नोंदवले, हेही सांगायला हवं. तेव्हाही एकमत नव्हतं.

आता यातलं राजकारणही बघा. सरकारला उत्पन्न हवंच होतं. बंदी नको म्हणणारा अहवाल तिजोरीला सोयीचा होता. तरीसुद्धा एखाद्या नशेबद्दल निर्णय घेण्याआधी सरकारनं गावोगाव जाऊन विचारलं, हे त्या अहवालाचं मोल आहे.

■ निजामाचा मुलूख, इंग्रजांची शेजार

त्या वेळी आपला जिल्हा इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात नव्हताच. आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात. सोलापूर इंग्रजांचं, बार्शी इंग्रजांची, तुळजापूर, नळदुर्ग, परंडा निजामाचं. बार्शीच्या बाजाराला जाणारा माणूस सकाळी एका राज्यातून निघून दुसऱ्या राज्यात भाजी विकून संध्याकाळी परत यायचा. दोन्हीकडं आबकारी, पण नियम वेगळे, कर वेगळा.

हैदराबादेत आबकारीचा कायदा आला १३१६ फसलीत, म्हणजे इसवी सनाच्या १९०६-०७ च्या सुमारास. आपल्या बोलीत त्या व्यवस्थेची खूण अजून आहे. दारूच्या दुकानाला आपण 'गुत्ता' म्हणतो आणि रस्त्याचं काम घेणाऱ्यालाही 'गुत्तेदार'च. गुत्ता म्हणजे मक्ता. ठराविक रक्कम सरकारला भरायची आणि विक्रीचा हक्क घ्यायचा. नशा हा सरकारी लेखी आधी महसूल होता, आरोग्याचा विचार नंतर आला.

१७ सप्टेंबर १९४८ ला आपण मुक्त झालो, पण १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच राहिलो. मधल्या काळात पलीकडं, सोलापुरात, मोठी गोष्ट घडली होती.

■ १९४९ : बंदी आणि वर्तमानपत्रातली जाहिरात

मुंबई राज्यात बाळासाहेब खेर मुख्यमंत्री, मोरारजी देसाई गृहमंत्री. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. नाव दारूबंदी, पण त्यात 'हेम्प'ही होतं, म्हणजे गांजा, भांग, चरस सगळं. हाच कायदा पुढं आपल्या जिल्ह्यालाही लागू झाला आणि आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून चालू आहे. होळीला भांग चालते असं समजणाऱ्यांनी लक्षात घ्या. उत्तर प्रदेशात, राजस्थानात परवान्याची भांगेची दुकानं आहेत, महाराष्ट्रात विनापरवाना भांग बाळगणं हा या कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो.

आमच्या धंद्याशी थेट संबंध असलेली कलमं दोन, २३ आणि २४. कलम २३ म्हणतं की कुणी मादक पदार्थाची किंवा हेम्पची भलामण करायची नाही, घ्या म्हणून गळ घालायची नाही, देऊ करायचं नाही. कलम २४ तेच छापील मजकुराला लावतं. वर्तमानपत्र, पुस्तक, पत्रक, काहीही असो, तशी जाहिरात छापायची नाही, लावायची नाही, वाटायची नाही.

या कायद्याला फ्राम नसरवानजी बलसारा या मुंबईकरानं आव्हान दिलं. २५ मे १९५१ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. राज्यघटना लागू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं. न्यायालयानं कायदा बहुतांश वैध ठरवला, पण काही तुकडे काढून टाकले. त्यातला एक आपल्या कामाचा. नशेच्या पदार्थाची नुसती भलामण केली म्हणून शिक्षा करणं हे भाषणस्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे भांग चांगली असते असं मत तुम्ही मांडू शकता. पण 'घ्या' म्हणून गळ घालणं, 'माझ्याकडं मिळेल' असं देऊ करणं यावरची बंदी कायम राहिली.

मत आणि विक्री यांच्यातली ही रेघ मला पटते. मी आज ही पोस्ट लिहू शकतोय ती रेघेच्या अलीकडं आहे. एजन्सीचा मजकूर पलीकडं होता.

याच कलम २४ मध्ये आणखी एक गंमत आहे. राज्याबाहेर छापलेल्या वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना सूट दिलेली होती. इथल्या छापखान्याला मनाई, पण बाहेरून आलेला अंक इथं वाचायला मोकळा. हवं तर सरकार अशा अंकाच्या वाटपावर वेगळी बंदी घालू शकत होतं, तेवढीच. आज इन्स्टाग्रामवर येणारी जाहिरात कोणत्या राज्यात 'छापली' जाते, सांगा बरं? १९४९ ला जी फट होती, तिचा आता हमरस्ता झालाय.

पुढं १९५४ साली केंद्राचा औषधं आणि जादूटोण्याच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा आला. त्याच्या यादीतल्या आजारांवर अमुक औषध बरं करतं अशी जाहिरात करताच येत नाही. त्या यादीत मधुमेह आहे, रक्तदाब आहे. एजन्सीच्या मजकुरात 'शुगर, बीपी' होतं. विजयाचा प्रश्न बाजूला ठेवला, अगदी कारल्याचा रस असता तरी ती जाहिरात बेकायदाच झाली असती.

■ १९६१ ते १९८५ : बाहेरून आलेली बंदी

१९६१ साली अमली पदार्थांबद्दल आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात गांजा थेट कडक यादीत. भारतासारख्या देशांना जुनी प्रथा बंद करायला २५ वर्षांची मुदत मिळाली. पण व्याख्या करताना शेंडे नसलेली पानं आणि बिया वगळल्या गेल्या. म्हणून भांग त्या करारातून सुटली.

मुदत संपायच्या आत, राजीव गांधींच्या सरकारनं १९८५ चा एनडीपीएस कायदा केला. १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो लागू झाला. व्याख्या जवळपास तीच, म्हणजे गांजा आणि चरस आत, नुसतं पान बाहेर. मोठा फरक असा, की त्याआधी काही ठिकाणी परवान्याच्या दुकानात मिळणारा गांजा आता थेट तुरुंगाचा विषय झाला. यावेळी ना गावोगाव साक्षी झाल्या, ना सात खंडांचा अहवाल.

२००१ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा वजनावर ठरते. गांजा १ किलोपर्यंत असेल तर अल्प प्रमाण, आता एक वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २० किलोच्या वर व्यापारी प्रमाण, किमान १० वर्षं, जास्तीत जास्त २०, आणि दंड किमान एक लाख. मधल्या वजनाला १० वर्षांपर्यंत. वजन करताना पानं, देठ धरून केलं का, यावर कोर्टात खटलेच्या खटले लढवले जातात. आणि लागवडीला? एक झाड असो की एकर, १० वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

मामा, हे वाक्य तुमच्यासाठी आहे.

■ मग 'परवानगी' नेमकी कशाला?

यूट्यूबवाला अर्धं खरं सांगतो. एनडीपीएस कायद्यातच राज्यांना परवान्यानं लागवड करू देण्याचा आणि धाग्यासाठी, बियांसाठी किंवा बागायती उपयोगासाठी केंद्राला सूट देण्याचा अधिकार आहे. उत्तराखंडनं त्या आधारे २०१८ च्या सुमारास औद्योगिक हेम्पचे परवाने सुरू केले. नशा आणणारा घटक ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त नको, ही अट. पण उत्तराखंडचा परवाना लोहाऱ्यात चालत नाही. आपल्या राज्यात साध्या शेतकऱ्याला तसा परवाना काढून उसाच्या सरीत हेम्प लावायची सोय नाही. उसात, तुरीत लावलेली गांज्याची झाडं पोलीस उपटून नेतात, सातबारा बघतात आणि गुन्हा शेतकऱ्यावर दाखल होतो. तेव्हा यूट्यूबवाला जामिनाला येत नाही.

२०२१ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणानं हेम्पच्या बिया, बियांचं तेल आणि पीठ खाद्य म्हणून मान्य केलं. ते बियांपुरतं. आणि विजयाची औषधं? आयुर्वेदिक परवान्यानं बनतात हे खरं. पण औषध नियमांच्या ज्या यादीत भांग आहे, त्याच यादीत धोत्राही आहे. ती विषारी द्रव्यांची यादी आहे. अशा औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना छापावी लागते. देखरेखीखाली घ्यायचं औषध आणि स्ट्रॉबेरीच्या चवीची गमी, यांचा मेळ मला तरी लागला नाही.

जगही सैल होतंय, हे मान्य. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजा सर्वांत कडक यादीतून काढायचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी झाला आणि भारतानं बाजूनं मत दिलं. कॅनडानं ऑक्टोबर २०१८ पासून विक्री कायदेशीर केली. पण विक्री मोकळी करताना त्यांनी जाहिरात बांधून टाकली. साधं पाकीट, त्यावर आरोग्याचा इशारा, नटनट्या नाहीत, तरुणांना भुलवणारं काही नाही. थायलंडनं उलटं केलं. २०२२ ला सोडून दिलं, गल्लोगल्ली दुकानं झाली, आणि २०२५ ला पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणलं.

आपल्याकडं तिसराच प्रकार चाललाय. विकणं गुन्हा, आणि जाहिरात मात्र मोबाईलवर मोकळी.

■ आपल्या जिल्ह्याचं काय?

सोलापूर–हैदराबाद महामार्ग नळदुर्ग, उमरग्यावरून जातो. गाडीत गांजा पकडल्याची बातमी आम्ही लिहिली नाही असं वर्ष आठवत नाही. २०२५ ला तुळजापूरच्या एमडी ड्रग्जच्या प्रकरणानं तर राज्यभर आपलं नाव गेलं, तेही आईच्या दारातून. तेव्हा कितीतरी पालकांचे फोन आले. त्यांना कलमं नको होती. "पोराचं कसं ओळखायचं? कुणाला दाखवायचं?" एवढंच विचारत होते. सव्वाशे वर्षांत सरकारनं या झाडावर कर लावला, परवाना दिला, लिलाव केला, बंदी केली, शिक्षा वाढवली. पण व्यसन सोडवायला जायचं कुठं, याचं उत्तर गावातल्या आईबापाजवळ अजून नाही.

माझं मत विचाराल तर १ किलोच्या आत सापडलेल्या पोराला आधी डॉक्टरकडं न्यावं. याच कायद्यात, थोड्या मालाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यातला व्यसनी उपचाराला तयार झाला तर खटल्यातून सूट द्यायची तरतूद आहे, कलम ६४-अ. ती वापरात आणा. उद्या राज्यानं हेम्पचा परवाना आणलाच, तर आधी ग्रामसभांत विचारा, शेतकऱ्याला बियाणं, तपासणी, खरेदी यांची हमी द्या. आणि विक्री कायदेशीर असो वा नसो, जाहिरातीचं दार आधी लावा. या मताशी तुम्ही सहमत नसाल तर तसं लिहा. मत मांडायला बलसारा निकालानं तुम्हाला पूर्ण मोकळीक दिलीय!

एजन्सीला मी नाही म्हणून कळवलं. समोरून उत्तर आलं, "ठीक आहे सर, तुमच्या तालुक्यात दुसरं पेज आहे." असेल. त्या पेजवाल्या मित्रानं ही पोस्ट वाचावी, एवढीच इच्छा. पैशाची गरज त्यालाही आहे, मला माहीत आहे.

मामांना घरी जाऊन सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, शांतपणे व्हिडिओ डिलीट केला आणि म्हणाले, "मग सोयाबीनचं काय ते तरी लिहा." ती पोस्ट माझ्यावर उधार आहे.

तोवर ही पोस्ट आपापल्या गावच्या ग्रुपवर टाका. विशेषतः ज्या ग्रुपवर तो एकरी लाखांचा व्हिडिओ फिरतोय, तिथं.